कर्ज फिटले, मग घर झाले

(विहारात वर्षावासातील रविवारच्या वंदनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. आमचे काम शिलाई मशीनवर. समितीने गेल्या महिन्यात निरोप धाडला की, "तुम्ही घर कसे घेतले ते एकदा सर्वांपुढे सांगा." तेव्हा आम्ही दोघे नवरा-बायको रात्रभर विचारात पडलो. घर घेतले हे सांगायला काय, पेढे वाटूनही सांगता येते. पण घराच्या आधी कर्ज होते, आणि ते आम्ही चार वर्षे लपवून ठेवले होते. ते न सांगता नुसते घराचे सांगितले तर अर्धे खोटे बोलल्यासारखे होईल. पंचशील घेतल्यावर दहाच मिनिटांत खोटे कसे बोलावे? म्हणून सगळेच सांगायचे ठरवले आहे. बोलण्यात चूकभूल झाली तर आपली माणसे म्हणून पोटात घालावी.

आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल, २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे आम्ही या विहारात फिरकलो नाही. टाळेबंदीचे दिवस सोडा, तेव्हा कोणीच येत नव्हते. पण विहार उघडला, वंदना सुरू झाली, तरी आम्ही आलो नाही. कोणी म्हणाले, दुकान वाढले म्हणून विसरले. कोणी म्हणाले, रुसले. खरे कारण आज सांगतो. जयंतीची वर्गणी द्यायला आमच्याकडे पैसे नव्हते, आणि 'पुढच्या महिन्यात देतो' असे सांगायला तोंड नव्हते. त्या वर्षी वस्तीतल्या एका आजींनी आमच्या नावाची पावती स्वतःच्या कनवटीतून पैसे काढून फाडली होती. आम्हांला ते तीन वर्षांनी वही बघताना कळले. आजी आज इथेच बसल्या आहेत. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

आता कर्ज कसे झाले ते ऐका. आमचा धंदा शाळेच्या गणवेशाचा. अंबाजोगाई म्हणजे शाळा-कॉलेजांचे गाव. जून-जुलैत आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. २०१८ साली एका बँकेतून तीन लाख रुपये घेतले, दोन मोटारीच्या मशिनी आणि कापडाचे ठाण भरायला. हप्ता वेळेवर जात होता. मोटारसायकल हप्त्यावर होती. मुलांच्या आईचे महिला गटातून तीस-तीस हजारांचे दोन कर्ज होते. सगळे सुरळीत. मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. बाकीची दुकाने हळूहळू उघडली, पण शाळा नाहीत तर गणवेश कुणाला? कापडाचे ठाण तसेच पडून राहिले. मास्क शिवले, उशांची खोळी शिवली, त्यावर भाजीपाला निघायचा. हप्ता कुठून निघणार?

रिझर्व्ह बँकेने तेव्हा हप्त्याला मुभा दिली होती, १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२०. आम्हांला वाटले सहा महिने माफ झाले. माफ नव्हते, बरं का. नुसते थांबवलेले होते, आणि व्याज चालूच होते. ही एक गोष्ट त्या वेळी कोणी समजावून सांगितली असती तर आम्ही थोडे थोडे तरी भरले असते. मोफत आणि मुदत यांत फरक आहे हे आम्ही पैसे मोजून शिकलो.

त्यातच आईचे दुखणे निघाले. इथल्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजात, उपचार झाले, तिथे आमचे फार पैसे लागले नाहीत. पण बाहेरच्या तपासण्या, गाडीभाडे, येणे-जाणे. जून २०२० मध्ये एका खासगी माणसाकडून पन्नास हजार घेतले. शेकडा पाच. आपल्याकडे 'शेकडा पाच' असे म्हटले की ते किती लहान वाटते! ते दरमहा असते. म्हणजे महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार, नि मुद्दल जिथल्या तिथे. बँकेचे अकरा टक्के जड वाटतात आणि सावकाराचे साठ टक्के हलके वाटतात, कारण बँकेवाला कागद मागतो आणि सावकार 'घे रे भाऊ' म्हणतो.

अशा रीतीने वर्षाच्या शेवटी आमच्यावर पाच ठिकाणचे कर्ज होते. फोन वाजला की छातीत धडकी भरायची. लेकरू म्हणायचे, "पप्पा, फोन वाजायलाय," आणि आम्ही म्हणायचो, "वाजू दे."

इथे थोडे धम्माचे सांगतो, कारण भन्तेजींनी ते नंतर आम्हांला समजावले आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेले नाही. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. आपल्या कष्टाचे धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख, म्हणजे अनणसुख, आणि निर्दोष वागण्याचे सुख. बघा, ऋण नसणे हे वेगळे सुख म्हणून मोजले आहे. दुसऱ्या एका सुत्तात कर्जाची पायरी-पायरी दाखवली आहे : दारिद्र्य, मग कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग मागे लागणे, मग बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पायरी आम्ही अंबाजोगाईत एकेक चढलो. आणि विनयात तर असे आहे की भिक्षू होऊ इच्छिणाऱ्याला उपसंपदेच्या वेळी विचारतात, तुझ्यावर ऋण नाही ना? कर्जदाराला चीवर मिळत नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हांला ते कठोर वाटले. भन्तेजी म्हणाले, "कठोर नाही. देणेकऱ्याचे पैसे बुडवून कोणी संघात लपू नये म्हणून आहे. आधी फेड, मग ये." म्हणजे दार बंद नाही, फेडल्यावर उघडे आहे.

आणि सामञ्ञफल सुत्तात एक उपमा आहे, ती तर आमचीच गोष्ट. एक माणूस कर्ज काढून धंदा करतो, धंदा चालतो, जुने कर्ज फेडतो, आणि वर कुटुंब पोसायला काही शिल्लक राहते. तेव्हा त्याला जो आनंद होतो, तसा आनंद मनाची आवरणे गळून पडल्यावर होतो, असे सांगितले आहे. लक्षात घ्या, भगवंतांनी 'कर्ज काढू नका' एवढेच सांगून सोडले नाही. कर्ज काढून धंदा करणारा, फेडणारा आणि शिल्लक ठेवणारा माणूस उपमेला घेतला आहे.

तर आम्ही फेडायला कसे लागलो? पहिले काम, एका वहीत सगळे लिहिले. कोणाचे किती, व्याज किती, चुकले तर काय होते. लिहिल्यावर भीती अर्धी झाली. मग मुलांच्या आईने गळ्यातली एक तोळ्याची पोत काढून टेबलावर ठेवली. आम्ही म्हणालो, बँकेचे हप्ते भरू. ती म्हणाली, "न्हाई. आधी त्या शेकडा पाचवाल्याचं तोंड बंद करा. बँक कुठं पळून जायलीय?" तिचा हिशेब बरोबर होता. नोव्हेंबरात पोत मोडली, पन्नास हजारांत थोडे कमी पडले ते मास्कच्या पैशातून घातले, आणि तो माणूस निकाली काढला. तोपर्यंत सहा महिन्यांचे पंधरा हजार व्याजात गेले होते, ते गेलेच. ज्यांना असा बिनपरवान्याचा सावकार छळत असेल त्यांच्यासाठी सांगतो, महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

मोटारसायकलच्या कंपनीचे बत्तीस हजार राहिले होते. त्यांचा माणूस म्हणाला, "एकरकमी वीस हजार भरा, विषय संपवू." आम्हांला वाटले बारा हजारांचा फायदा झाला. मेहुण्याकडून आणून भरले, चिठ्ठी घेतली, आनंदाने घरी आलो. या चिठ्ठीने पुढे काय केले ते सांगणारच आहे. नाव लक्षात ठेवा : सेटलमेंट.

बँकेच्या तीन लाखांचे वेगळे झाले. ५ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने व्यक्ती आणि लहान धंदेवाल्यांच्या कर्जाची नव्याने घडी बसवून देण्याची मुभा बँकांना दिली. अर्ज सप्टेंबर अखेरपर्यंत मान्य व्हायचा होता. आम्ही स्वतः बँकेत गेलो. खरे सांगतो, पायरी चढताना पाय लटपटत होते. शाखेतल्या साहेबांनी विचारले, "मागच्या दारानं पळणारे रोज बघतो, तुम्ही पुढच्या दारानं कसे आलात?" राहिलेली बाकी आणि व्याज मिळून दोन लाख साठ हजार झाले होते. चोवीस हप्ते ठरले, महिन्याला बारा हजार शंभरच्या घरात. पहिला हप्ता जानेवारी २०२२, शेवटचा डिसेंबर २०२३. त्या वर्षी शाळा पूर्ण सुरू झाल्या आणि दोन वर्षांत लेकरांचे जुने गणवेश तोकडे झालेले, त्यामुळे काम भरपूर आले. एकही हप्ता चुकला नाही. महिला गटाचे दोन्ही कर्जही याच काळात फिटले. ३० डिसेंबरला बँकेने 'नो ड्यूज'चा कागद हातात दिला. त्या रात्री आम्ही चहाच्या जागी बासुंदी केली, एवढेच.

आता घराकडे येतो. जानेवारी २०२४. आमचे राहते घर पत्र्याचे, पावसाळ्यात कोणत्या भांड्यात कुठले पाणी पडते हे लेकरांनाही पाठ. जागा वडिलांनी शंभराच्या बाँडवर घेतलेली. आम्हांला वाटले, कर्ज फेडले, आता आपण शहाणे गिऱ्हाईक, बँक हार घालून कर्ज देईल. उत्साहात एकाच महिन्यात तीन बँकांत अर्ज केले. तिन्हींनी नाही म्हटले.

नाही म्हणण्याची कारणे तीन होती, ती सांगतो. घाईत पुष्कळजण इथेच हताश होऊन सावकाराकडे वळतात.

पहिले कारण, तो सिबिलचा आकडा. आपल्या देशात कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ चा कायदा आहे. तुम्ही कुठले कर्ज घेतले, कोणता हप्ता किती दिवस चुकला, सगळे त्यांच्याकडे महिनावार लिहिलेले असते. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान आकडा काढतात. आमचा निघाला ६४१. साडेसातशेच्या वर असला की बँका खूश असतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा आपला हक्क आहे. आपण स्वतः बघितल्याने आकडा कमी होत नाही. पण एका पाठोपाठ एक बँकांत अर्ज केले तर प्रत्येक बँक चौकशी करते, तिची नोंद होते, आणि 'हा माणूस पैशासाठी दारोदार फिरायलाय' असा अर्थ निघतो. आम्ही नेमके तेच केले होते.

अहवाल काढला आणि वही घेऊन बसलो. बँकेच्या कर्जापुढे कोरोनाकाळात पुनर्रचना झाल्याची नोंद होती, पण पुढचे चोवीस महिने स्वच्छ आणि शेवटी 'क्लोज्ड'. ठीक. गटाच्या एका कर्जावर मात्र अजून चार हजार बाकी दाखवत होते, जे आम्ही केव्हाच भरले होते. आणि मोटारसायकलच्या कर्जापुढे लिहिले होते : 'सेटल्ड'. फायदा झाला म्हणून आनंदाने घरी आणलेली ती चिठ्ठी! 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडले. 'सेटल्ड' म्हणजे कमी पैशात तडजोड झाली, देणाऱ्याचे नुकसान झाले. गृहकर्ज देणारी बँक हा एक शब्द बघून फाईल मिटते. वीस वर्षांसाठी पैसे द्यायचे आहेत, आणि हा गडी बारा हजारांसाठी अंग काढून घेतो, असा तिचा हिशेब.

आमचे असे म्हणणे नाही की तडजोड कधीच करू नये. ज्याच्याकडे खरोखरच काही उरले नाही, आजारपण, मृत्यू, त्याने काय करावे? तडजोड करावी आणि मोकळे व्हावे. पण तिची किंमत काय हे आधी माहीत असावे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमानुसार तडजोड झाल्यावर त्याच बँकेने शेतीकर्ज सोडून दुसरे नवे कर्ज द्यायच्या आधी किमान बारा महिने थांबायचे असते. आम्ही त्या कंपनीत परत गेलो, राहिलेले बारा हजार भरायचे आहेत म्हणालो. खिडकीवरचा पोरगा आमच्याकडे बघतच राहिला. सुटलेले पैसे परत द्यायला येणारे गिऱ्हाईक त्याने बघितले नव्हते. भरले, पूर्ण फेडीचा कागद घेतला, आणि नोंद 'क्लोज्ड' करायला लावली. गटाच्या चुकीच्या बाकीची तक्रार नोंदवहीच्या कंपनीकडे नो ड्यूजचा कागद जोडून केली. अशा तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लावावा लागतो, आणि एप्रिल २०२४ पासून त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. आमचे तीन आठवड्यांत झाले.

म्हणून माता-भगिनींनो, फेडलेल्या प्रत्येक कर्जाचा नो ड्यूजचा कागद घ्या आणि रेशनकार्डाच्या शेजारी ठेवा. आणि 'पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो' म्हणणारे जे फिरतात, त्यांना दारातूनच जयभीम करा. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते.

एक बाजूची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातून हजारो जोडपी दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतात आणि अंगमेहनतीने फेडतात. ती उचल कुठल्याच सिबिलात नसते. वीस वर्षे प्रामाणिकपणे फेडणारा माणूस बँकेच्या दृष्टीने कोरा कागद. हा अन्याय आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे २०२५ साली सरकारने लोकसभेत सांगितले आहे. शाखेत कोणी तसे सांगून परत पाठवले तर हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

दुसरे कारण, उत्पन्नाचा पुरावा. नोकरदाराकडे पगाराची स्लिप असते. आमच्याकडे काय? गिऱ्हाईकाचे माप लिहिलेली वही. "इन्कमटॅक्स भरायला आपण काय शेठ आहोत का," असे आम्हीच हसायचो. रिटर्न भरणे वेगळे आणि कर भरणे वेगळे. कर शून्य असला तरी रिटर्न भरता येते, आणि बँक साधारण दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. आम्ही २०२२ पासून भरायला लागलो होतो, म्हणून दोनच होते. तिसरे भरले. दुकानाचे पैसे खिशात न ठेवता खात्यातून फिरवायला लागलो. उद्यम नोंदणी करून घेतली, तिला पैसा लागत नाही.

तिसरे कारण जागा. बाँडवरच्या जागेला बँक हात लावत नाही. आपल्या वस्तीत निम्म्याहून जास्त घरे अशीच आहेत, म्हणून हे नीट ऐका. नोटरी केलेला बाँड म्हणजे मालकी नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखत पाहिजे, बांधकाम परवाना पाहिजे, आणि बँकेचा वकील मागच्या अनेक वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. गुंठेवारीची घरे नियमित करून घेण्याचा २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये तो दुरुस्त होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. ज्यांचे बसते त्यांनी नगर परिषदेत चौकशी करावी. अनुदान हवे असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, ते कर्ज नाही. पण तिथेही जागेचा कागद लागतोच. आमच्या जागेचे मूळ मालक वारले, वारस चार गावांत. ते आमच्याने झाले नाही. शेवटी दुसरीकडे दोन खोल्यांचे, नोंदवलेल्या खरेदीखताचे जुने स्लॅबचे घर बघितले. साडेदहा लाख.

या सगळ्यात दीड वर्ष गेले. पण ते वाया गेले नाही. डिसेंबर २०२३ ला बँकेचा हप्ता संपला तेव्हा मुलांच्या आईने सांगितले, "हप्ता संपलाय, हप्त्याची सवय संपवू नका." जानेवारीपासून तेच बारा हजार आवर्ती ठेवीत टाकायला लागलो. अठरा महिन्यांत दोन लाख सोळा हजार आणि वर व्याज. घराचा पहिला पैसा तिथून उभा राहिला. आणि बँकेला दिसले की ही माणसे दर महिन्याला बारा हजार बाजूला काढू शकतात. शिवाय पंधरा हजारांच्या मुदत ठेवीवर एक क्रेडिट कार्ड घेतले, त्यावर फक्त दुकानाचे विजेचे बिल भरायचे आणि तारखेच्या आधी पूर्ण चुकते करायचे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, एक अडचणीसाठी राखून. आमचे चार भाग तंतोतंत बसले नाहीत, पण चौथा भाग मात्र पहिल्यांदा काढायला शिकलो.

जून २०२५ मध्ये आकडा ७३८ झाला. या वेळी एकाच बँकेत गेलो, अहवाल, कागद, वही सगळे घेऊन. साहेबांनी विचारायच्या आधीच सांगितले की २०२० मध्ये हप्ते चुकले, कारण हे, फेड अशी झाली. लपवले नाही. जुलैत आठ लाख मंजूर झाले. तीस लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देता येते, पण जुनी नोंद बघून आम्हांला त्याहून कमी दिले, आणि व्याजही थोडे चढे लावले. लावू द्या.

मुदतीचा हिशेब मात्र सर्वांनी ऐकावा. सोपे जावे म्हणून व्याज नऊ टक्के धरू. आठ लाख वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ७,२०० रुपये, आणि एकूण भरावे लागतात सव्वासतरा लाखांच्या वर. तेच पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ८,११४ रुपये, एकूण चौदा लाख साठ हजार. म्हणजे महिन्याला नऊशे रुपये जास्त भरले तर शेवटी दोन लाख सहासष्ट हजार वाचतात. आम्ही पंधरा वर्षे घेतली. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मध्येच जास्तीचे पैसे भरले तर दंड नाही, हा नियम २०१२ पासून आहे. गणवेशाचा हंगाम झाला की काही टाकायचा विचार आहे. उलट, तीन हप्ते थकले, नव्वद दिवस झाले, की खाते बुडीत धरतात आणि २००२ च्या कायद्याने साठ दिवसांची नोटीस देऊन घरावर येता येते. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय खरेदीखतावर सही करायची नाही, असा घरातून हुकूम होता. तो पाळायला दोन महिने आणखी लागले.

खरेदीखत मुलांच्या आईच्या नावावर केले. बाईमाणसाच्या नावावर राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. आमचे साडेदहा हजार वाचले. पण खरे सांगायचे तर सवलत नसती तरी तिच्याच नावावर केले असते. पोत तिची गेली होती.

सही करून आलो तेव्हा आईने विचारले, "झालं का घर आपलं?" म्हटले, "झालं, फक्त बँकेकडं गहाण आहे." आई एकदम रडायला लागली. "घर घेतलं अन् घेतल्या घेतल्या गहाण टाकलं?" तिच्या लहानपणी गहाण टाकलेले परत आलेले तिने बघितलेले नाही. तिच्या वडिलांचे भांडे गेले, बैल गेला, दोन एकर गेले. निजामाच्या राज्यात, मोमीनाबाद तालुका होता तेव्हा, कुठला कागद आणि कुठली पावती! तिला समजावायला आम्हांला आठ दिवस लागले. हे गहाण वेगळे आहे, आई. यात व्याज लिहून दिलेले असते, हप्ता ठरलेला असतो, आणि शेवटचा हप्ता भरला की तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, नाही दिले तर बँकेलाच दिवसाला पाच हजार रुपये मोजावे लागतात. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. हे ऐकल्यावर ती जरा थांबली. म्हणाली, "बँकेला दंड? सरकार करतंय?" म्हटले, रिझर्व्ह बँक करते. मग तिला सांगितले, बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले. पुढे रुपयाचा विचार करायला हिल्टन यंग कमिशन आले, त्याच्यापुढेही त्यांनी आपले म्हणणे मांडले. त्या कमिशनच्या शिफारशीतून १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक उभी राहिली. आई म्हणाली, "असं का. मग असू दे गहाण." आणि डोळे पुसले.

घरात बाबासाहेबांचा आणि भगवंतांचा फोटो लावला. भन्तेजींनी परित्राण पाठ केला. पत्र्याच्या घरातली भांडी आईने नव्या घरात आणली आहेत, पाऊस आला की अजून उठून बघते.

आता शेवटचे. आमच्याकडे ज्ञान काही जास्त नाही, पण कागद कुठला आणि खिडकी कुठली एवढे कळते. ज्यांना आपला अहवाल काढायचा आहे, त्यांनी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर मोबाईल, आधार आणि पॅनकार्ड घेऊन इथेच बसावे. ओटीपी कोणाला सांगू नका, आम्हांलाही नाही, स्वतःच टाका. ज्यांच्याकडे जुन्या कर्जाच्या पावत्या असतील त्यांनी पिशवीत घालून तशाच आणाव्या, लावून आम्ही देऊ. कोणाचा आकडा किती निघाला हे बाहेर बोलले जाणार नाही. वर्गणी राहिली आहे म्हणून कोणी यायचे थांबू नये, अध्यक्षांशी आमचे तसे बोलणे झाले आहे. आणि आजी, आमच्या नावाच्या त्या पावतीचे पैसे तुम्ही परत घेत नाही, म्हणून या स्मरणिकेच्या छपाईत तेवढे जमा केले आहेत. पावती तुमच्या नावाची आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.